‘इन्सुलिन सोडा, मधुमेह घालवा’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. तिच्या नणंदेनं तिला एक मेसेज पाठवला होता. तो तिनं मला सगळा वाचून दाखवला आणि मग हळूच विचारलं, “अगं, रात्रीचं इन्सुलिन दोन-तीन दिवस बंद ठेवून बघायला काय हरकत आहे? कार्ब्स तर आपण कमी केलेच आहेत.” ताईच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, टाइप वन मधुमेह आहे. ताई शिकलेली आहे, सगळं नीट समजून-उमजून करणारी आहे. पण लेकीला रोज सुई टोचून घेताना बघणाऱ्या आईला कुणी “सुई सुटेल” असं सांगितलं, तर ती कान देणारच. ही आशा हेरूनच हे मेसेज लिहिले जातात आणि त्याचाच मला संताप येतो.

मेसेज बऱ्याच जणांपर्यंत पोचला असेल. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: इन्सुलिनची सवय लागते. त्यानं किडनी आणि डोळे जातात. कर्बोदकं पूर्ण बंद केली की शरीर स्वतःच इन्सुलिन बनवू लागतं. रोज तासभर व्यायाम केला की औषधाची गरज उरत नाही. कुठलाही मधुमेह तीन महिन्यांत मुळापासून जातो, पण कंपन्या हे कळू देत नाहीत. आणि सगळ्यात शेवटी, इन्सुलिन बंद केल्यावर मळमळ, उलट्या झाल्या, तोंडाला फळांसारखा वास आला, तर घाबरू नका, चरबी जळून शरीर शुद्ध होत असल्याची ती खूण आहे.

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण त्या वाक्यानं माणूस मरू शकतो.

इन्सुलिनचं काम खाल्लेली साखर पेशींत पोचवण्यापुरतं नसतं. यकृतानं रक्तात किती साखर सोडायची आणि अंगातली चरबी किती वेगानं विरघळायची, यावरही त्याचाच लगाम असतो. म्हणून उपाशी पोटी, अगदी झोपेतसुद्धा, शरीराला थोडं इन्सुलिन लागतंच. ज्याचं स्वादुपिंड काम करतंय त्यानं कार्ब्स कमी केले, तर चरबीपासून किटोन नावाची आम्लधर्मी द्रव्यं तयार होतात, पण इन्सुलिन त्यांना मर्यादेत ठेवतं. टाइप वनमध्ये शरीराच्याच प्रतिकारशक्तीनं इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट केलेल्या असतात. तिथे बाहेरून दिलेलं इन्सुलिनही बंद केलं, की किटोन आवरायला कुणीच उरत नाही. रक्त आम्लधर्मी होत जातं. वाढलेली साखर लघवीवाटे जाताना शरीरातलं पाणी आणि क्षार ओढून नेते. मग उलट्या, पोटात कळा, खोल आणि भराभर चालणारा श्वास, गुंगी, शेवटी कोमा. याला डायबेटिक किटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. इन्सुलिन थांबल्यावर काही तासांपासून एखाद-दोन दिवसांत इथवर मजल जाऊ शकते.

मेसेजमधला तो ‘फळांसारखा वास’ याच अवस्थेचा. भाचीचं निदान झालं त्या दिवशी तो वास मी जवळून घेतलाय. पोरगी बसल्या जागी धापा टाकत होती, तहान काही केल्या भागत नव्हती आणि तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास येत होता. लघवीत बुडवलेली किटोनची पट्टी आमच्या डोळ्यांदेखत गडद जांभळी झाली. नर्सनं पट्टी बघितली आणि ती अक्षरशः पळत डॉक्टरांकडे गेली. यातलं काहीच शुद्धीकरण नव्हतं. सलाइन, इन्सुलिन आणि पोटॅशियम वेळेवर मिळालं म्हणून ती पोरगी आज आमच्यात आहे. हीच लक्षणं दिसल्यावर ‘घाबरू नका’ असं लिहिणाऱ्यानं किटोअ‍ॅसिडोसिसचा एकही रुग्ण पाहिलेला नाही, किंवा पाहिला असला तरी त्याला त्याचं काही वाटलेलं नाही.

टाइप टूवाल्यांनी, म्हणजे ज्यांचं शरीर इन्सुलिन बनवतं पण ते पुरं पडत नाही त्यांनी, यातून आपल्याला वगळू नये. काही गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. नावात ‘ग्लिफ्लोझिन’ असतं, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. त्या चालू असताना कार्ब्स एकदम तोडले, तर ग्लुकोमीटरवर आकडा फारसा वाढलेला न दिसताही किटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. शुगर तर ठीक आहे, मग उलट्या कशानं होताहेत, याच बुचकळ्यात वेळ जातो.

आता “कर्बोदकं बंद केली की शरीर स्वतःच इन्सुलिन बनवू लागतं” हा दावा. मेसेज लिहिणाऱ्याला हा नवा शोध वाटतोय. प्रत्यक्षात हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी करून झालेला आहे. इन्सुलिन मिळण्याआधी डॉक्टरांच्या हातात आहाराखेरीज काही नव्हतं. अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलन नावाचे डॉक्टर मधुमेही मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत. कर्बोदकं नावापुरती आणि एकूण अन्नही मोजूनमापून. साखर थोडी आटोक्यात यायची, मुलं काही महिने किंवा एखाद-दोन वर्षं जास्त जगायची आणि हाडांचा सापळा होऊन जायची. अ‍ॅलन दुष्ट नव्हते. त्यांच्याकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतं, इतकंच. त्यांच्याच देखरेखीखाली एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी होती. १९१९ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला. १९२२ च्या ऑगस्टमध्ये ती टोरांटोला इन्सुलिन शोधणाऱ्या गटातले डॉक्टर फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे पोचली, तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांच्या त्या मुलीचं वजन सुमारे २० किलो होतं. आहाराची इतकी कडक शिस्त पाळूनही तिच्या शरीरानं स्वतःहून इन्सुलिन बनवायला घेतलं नाही. बँटिंगनी इन्सुलिन सुरू केलं, तिला पुन्हा पोटभर जेवता आलं, पुढे लग्न झालं, मुलं झाली आणि १९८१ मध्ये ती वारली तेव्हा तिचं वय ७३ होतं.

त्याआधी, १९२२ च्याच जानेवारीत, टोरांटोतच लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं होतं. ११ जानेवारीचा तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, त्याची रिअ‍ॅक्शन आली आणि उपयोगही फारसा झाला नाही. बँटिंग यांचे सहकारी जेम्स कॉलिप यांनी तो आणखी शुद्ध केला, २३ जानेवारीला पुन्हा दिला, आणि त्या मुलाची साखर ५२० वरून १२० वर आली. मेलेल्या बीटा पेशी जेवणातून काय वगळलं यावर परत उगवत नाहीत. उगवत असत्या, तर त्या काळातली मुलं वाचली असती.

सवय लागते, या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. टाइप वनमध्ये शरीरात जो संप्रेरक तयारच होत नाही तो बाहेरून द्यावा लागतो, आयुष्यभर. टाइप टूमध्ये कधी आजारपणात, ऑपरेशनच्या वेळी किंवा गरोदरपणात इन्सुलिन देतात आणि नंतर बंदही करतात. सवय लागणारी गोष्ट अशी बंद करता येत नाही.

किडनी आणि डोळ्यांचा मुद्दा मात्र खूप जणांना खरा वाटतो. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. आजोबांना इन्सुलिन सुरू झालं आणि दोन वर्षांत डायलिसिस लागलं, असं प्रत्येकानं कुणाबद्दल तरी ऐकलेलं असतं. पण बऱ्याचदा इन्सुलिन सुरू होतं तेच मुळी उशिरा, दहा-पंधरा वर्षं साखर वाढलेली राहिल्यावर. तोवर किडनीचं नुकसान होऊन गेलेलं असतं आणि आळ मात्र शेवटी आलेल्या औषधावर येतो.

याचा निकाल लावणारा अभ्यास अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात झाला. डीसीसीटी नावानं तो ओळखला जातो. टाइप वनचे १४४१ रुग्ण होते. एका गटाला त्या वेळच्या पद्धतीनं दिवसातून एक किंवा दोन इंजेक्शनं. दुसऱ्या गटाला तीन किंवा जास्त इंजेक्शनं नाहीतर पंप, आणि रोज अनेकदा शुगर तपासून डोस ठरवायचा. म्हणजे इन्सुलिननं किडनी-डोळे जात असतील, तर या दुसऱ्या गटाचे हाल व्हायला हवे होते. झालं उलटंच. त्यांचा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ७ टक्क्यांच्या आसपास राहिला, पहिल्या गटाचा ९ च्या आसपास. सुरुवातीला डोळे चांगले असलेल्यांमध्ये रेटिनोपॅथीचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या नुकसानीचा, धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. लघवीतून बरंच प्रथिन जाऊ लागणं ५४ टक्क्यांनी आणि नसांचे विकार ६० टक्क्यांनी कमी झाले. पुढे याच लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा हृदयविकारही त्या गटात कमी निघाले. ज्यांना “इन्सुलिननं किडनी जाते” असं म्हणायचंय, त्यांनी आधी या आकड्यांचं काय करायचं ते सांगावं.

याच अभ्यासातली दुसरी बाजूही सांगायला हवी. काटेकोर उपचार घेणाऱ्या गटात गंभीर हायपो, म्हणजे साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग, सुमारे तिप्पट झाले आणि वजनही जास्त वाढलं. इन्सुलिन हे मोजूनमापून घ्यायचं औषध आहे आणि डोस चुकला तर धोका आहे, एवढं खरं. पण त्यावर उपाय डोस जुळवण्याचा आहे.

आणि इथेच मेसेजचं आणखी एक वाक्य घातक ठरतं: “साखरेचा कणही तोंडात घालू नका.” इन्सुलिन चालू आहे, कार्ब्स कमी केलेत, पण डोस तोच ठेवलाय अशा माणसाची शुगर झपकन उतरते. हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणं असंबद्ध होतं. शुगर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, तरीही कमी असेल तर पुन्हा तेवढीच घ्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, ग्लुकॅगॉनचं, म्हणजे साखर वाढवणाऱ्या संप्रेरकाचं, इंजेक्शन असेल तर द्यायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. त्या क्षणी साखर हे औषध आहे. ‘कणही नको’ हे मनावर घेतलेला माणूस तेव्हा हात आखडता घेईल, याचीच मला धास्ती आहे.

कमी कार्ब्सच्या मी विरोधात नाही. भाचीच्या ताटातलेही आम्ही कमी केलेत, तिच्या डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना विचारून, वाढीच्या वयात तिला काय लागेल ते बघून. जेवणाआधीचा डोस उतरला आणि जेवणानंतरचे चढ-उतारही कमी झाले. बेसल इन्सुलिन, म्हणजे दिवसभर पुरणारा डोस, मात्र लागतोच, कारण काही न खाताही यकृत साखर सोडत राहतं. ताई रात्रीचं म्हणून जे बंद करायला निघाली होती, ते नेमकं हेच.

‘मुळापासून जातो’ यात अर्धसत्य आहे आणि ते मला नाइलाजानं मान्य करावं लागतंय. टाइप टूमध्ये वजन भरपूर उतरवलं, तर औषधांशिवाय साखर मर्यादेत राहू शकते. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या अभ्यासात महिनोन् महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरीचा आहार दिला, तेव्हा वर्षभरानंतर ४६ टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होते. दोन वर्षांनी ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. पण या अभ्यासात घेतलेल्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना त्यात घेतलंच नव्हतं. टाइप वनचा तर त्याच्याशी काहीच संबंध नाही. हा निकाल ‘कुठल्याही मधुमेहा’ला चिकटवणं ही सरळ फसवणूक आहे. ज्यांना ते जमलं, त्यांनाही एचबीएवनसी तपासत राहावंच लागतं, कारण वजन परतलं की साखरही परतू शकते.

व्यायामाचं म्हणाल, तर हलणारे स्नायू इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात, हे बरोबर आहे. म्हणूनच भाचीच्या खेळाच्या दिवशी तिचा डोस कमी होतो, खिशात ग्लुकोज असतं आणि झोपण्याआधी एकदा जास्त तपासणी होते, कारण हा परिणाम चोवीस तासांपर्यंत टिकू शकतो. पण अंगात इन्सुलिनच नसेल, तर व्यायामाच्या ताणानं यकृत आणखी साखर सोडतं आणि किटोन वाढतात. शुगर २५० च्या वर आणि किटोन आलेले असताना जोराचा व्यायाम करायचा नसतो. मेसेजमध्ये नेमकं तेच करायला सांगितलंय: शुगर वाढली की पळा.

राहिल्या कंपन्या. इन्सुलिनच्या किमतींबद्दल राग असेल तर तो रास्त आहे. बँटिंग यांच्या सहकाऱ्यांनी पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेक डॉलरला दिले होते, आणि आज जगात कित्येकांना हेच औषध परवडत नाही. पण त्यासाठी भांडायचं ते इन्सुलिन स्वस्त व्हावं म्हणून. रुग्णानं डोस सोडल्यानं कुठल्याच कंपनीचं काही बिघडत नाही, बिघडतं ते त्याचं स्वतःचं.

ताईनं डोस थांबवला नाही. पण हा मेसेज वाचून कुणी आधीच थांबवला असेल, तर त्यांच्यासाठी एवढं. टाइप वन असेल तर आजच्या आज डॉक्टरांना फोन करा आणि त्यांच्या सांगण्यानुसार इन्सुलिन पुन्हा सुरू करा. तोवर शुगर आणि किटोन दोन्ही तपासा. रक्तातले किटोन ०.६ (मिलिमोल प्रति लिटर) च्या खाली असायला हवेत. १.५ च्या वर गेले की डॉक्टरांशी लगेच बोलायचं, ३ च्या वर गेले की थेट हॉस्पिटल. घरात किटोन तपासायची सोय नसेल आणि उलट्या थांबत नसतील, श्वास जोरात चालला असेल, तर सकाळची वाट बघू नका. ताप-उलट्यांत जेवण जात नसलं, तरी बेसल इन्सुलिन आपल्या मनानं बंद करायचं नाही. इमर्जन्सीत पोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा की मधुमेह आहे, इन्सुलिन अमुक दिवसांपासून बंद आहे आणि या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.