अटलांटिसची कादंबरी ॲन राइस यांचीच

पणजी-फोंड्याच्या वाचकांत सध्या एक मेसेज फिरतोय: अमेरिकन लेखिका ॲन राइस यांच्या व्हॅम्पायर मालिकेतली अटलांटिसची (दंतकथेतल्या बुडालेल्या नगरीची) कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच कोणी लिहिली, म्हणून मालिका भरकटली. हे साफ चूक आहे. ती कादंबरी २०१६ सालची. राइस वारल्या ११ डिसेंबर २०२१ रोजी, आणि मधल्या काळात, २०१८ मध्ये, मालिकेचं आणखी एक पुस्तक त्यांनी लिहिलं.

राइस कॅथलिक चर्चमध्ये परतल्या आणि लगेच व्हॅम्पायरांवर लिहिणं सोडलं, असंही म्हटलं जातं; तेही खरं नाही. परतल्या १९९८ मध्ये. कादंबऱ्या २००३ पर्यंत येत होत्या, आणि मोठ्या खंडानंतर पुन्हा सुरू झाल्या.

अटलांटिसच्या कादंबरीबद्दलचे मतभेद मात्र खरे आहेत. १९८८ च्या कादंबरीत व्हॅम्पायरांचं मूळ प्राचीन इजिप्तमध्ये होतं: राणी आकाशाच्या देहात शिरलेला आमेल नावाचा आत्मा. २०१६ मध्ये तोच आमेल अटलांटिसचा संस्थापक निघाला, गोष्टीत परग्रहवासी आले. देवचाराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या कितीतरी वाचकांना आत्मा आत्माच राहायला हवा होता. मलाही तसंच वाटतं. खुलासा झाला आणि भय ओसरलं. काहींना मात्र हीच झेप आवडली, आणि त्यांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे: १९९५ च्या कादंबरीतच मालिकेचा नायक, व्हॅम्पायर लेस्टाट, स्वर्ग-नरक फिरून आला होता, तेव्हा वळणं या मालिकेला नवी नाहीत.

पुस्तक आवडलं नाही म्हणून लेखिकेचं नाव पुसणं अन्यायाचं आहे. मेसेज पुढे पाठवलेल्यांनी कृपया त्याच ग्रुपवर ही सालं टाकावीत.