रिचमंडमध्ये चोरी करायचीय? मग जरा मोठी करा

1863 च्या उन्हाळ्यात, अमेरिकन यादवी युद्ध चालू असताना, व्हर्जिनियातल्या रिचमंडला बिऱ्हाड हलवताय म्हणे. हलवा की. लढाईआधी 38 हजार वस्तीचं गाव, आता फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या गुलामगिरीवाल्या राज्यांच्या, म्हणजे कॉन्फेडरेट सरकारची राजधानी म्हणून सैनिक, कारकून, जखमी, जुगारी, कंत्राटदार सगळे तिथेच घुसलेत, खोली मिळाली तर नशीब.

दारू? मार्च 1862 मध्ये मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागला बाबांनो आणि बंदी आली, फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून मिळायची. पण शहराचा लष्करी बंदोबस्त बघणाऱ्या जनरल विंडर साहेबांच्या, बाल्टिमोर शहरातून आलेल्या डिटेक्टिव्हांकडून शिका जरा, खोटी चिठ्ठी स्वतःच लिहायची, केमिस्टकडून ब्रँडी घ्यायची, ती मस्त प्यायची आणि मग दारू विकली म्हणून त्या केमिस्टलाच उचलायचं! याच साहेबांनी बाजारात भावही बांधून दिले होते, शेतकऱ्यांनी माल आणणंच बंद केलं, मग गपचूप मागे घेतले.

गावाबाहेर जायचं तर पास काढा. गोरे लोक यावर जाम चिडलेत, आम्ही काय गुलाम आहोत का म्हणून. गुलामांना पास आधीपासूनच लागायचा, तेव्हा कुणाला खुपलं नव्हतं. आणि हो, शॉको भागात माणसांचे लिलाव चालतात ते बघून पोलिसांना बोलवू नका, कायदेशीर आहे ते.

पोट रिकामं आहे म्हणून चोरी मात्र अज्जिबात करायची नाही. 2 एप्रिलला बायकांनी ती चूक केली. आधी व्हर्जिनियाचे गव्हर्नर लेचर यांच्याकडे जाऊन गाऱ्हाणं घातलं, काही हाती लागेना तेव्हा कुऱ्हाडी घेऊन दुकानं फोडली, पीठ नेलं, मांस नेलं, काहींनी दागिनेही नेले, खोटं कशाला बोला. कॉन्फेडरेट प्रेसिडेंट डेव्हिस स्वतः आले, खिशातले पैसे गर्दीत फेकले आणि म्हणाले पाच मिनिटांत निघा नाहीतर गोळ्या घालू. नंतर धरपकड झाली, आणि पेपरवाल्यांना सरकारची विनंती गेली, की हे छापू नका.

तुम्ही असला अडाणीपणा करू नका. तेच पीठ गोदामात दाबून ठेवा आणि भाव चढेपर्यंत देशभक्तीवर बोलत राहा. भांडवल जास्त असेल तर जहाजात पैसे घाला, बंदरं अडवून बसलेल्या उत्तरेच्या (युनियनच्या) नौदलाला चुकवून कापूस बाहेर आणि रेशीम, ब्रँडी आत. (इथला कापूस अडकलाय म्हणून तिकडे मुंबईचे व्यापारी मालामाल होताहेत, ते वेगळंच.) सक्तीच्या सैन्यभरतीत नाव आलंच तर घाबरायचं नाही, पैसे मोजून बदली माणूस पाठवता येतो, फक्त कागदपत्रं नीट जपून ठेवा.