हो, आमची पोरगी इंडिव्हिज्युअलिस्ट आहे, आपल्या मनाने चालणारी आहे. बरं मग?

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. भाचीने सांगितलं की तिला हॉल, बँड, मानपान काही नकोय, स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोटीस दिलीये, ३० दिवस झाले की रजिस्ट्रारसमोर सह्या करायच्या आणि घरी येऊन जेवायचं. झालं, फॅमिली ग्रुपवर काकांचा मेसेज, "हल्लीची मुलं इंडिव्हिज्युअलिस्ट झालीत, यांना माणसं नकोत." त्याखाली अंगठ्यांची ही रांग.

माणसं नकोत?? अहो तिला आहेराची साडी नकोय, माणसं कुठे नको म्हणाली ती?

मला आत्याच आठवली. रायगडातलं आमचं गाव, गावकीने एक घर वाळीत टाकलेलं, पोराने जातीबाहेर लग्न केलं म्हणून. दुकानात सामान नाही, गिरणीत दळण नाही, मयताला खांदा नाही, आणि त्यांच्याशी जो बोलेल त्याला दंड. आत्या मात्र ऐन मे महिन्यात त्यांना आपल्या विहिरीवर पाणी भरू द्यायची. गावकीने बोलावून दंड ठोकला तर म्हणाली, विहीर माझी, पाणी कोणाला द्यायचं ते मी ठरवणार. मग तिलाही वाळीत टाकलं. आणि टाकणारे कोण, तर लग्नाकार्यात "आपण सगळे एक" म्हणणारे, त्यात आमचेही होते.

हे कुठल्या जुन्या जमान्यातलं नाही हां. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड. उगाच केला का? समाजसुधारक आगरकरांची तर पुण्याने जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती आणि आता आपण शाळांतून त्यांचे फोटो लावतो. म्हणजे एकटा माणूस मेल्यावर चालतो आपल्याला, जिवंत असताना घरात नको!

आता कोणीतरी २६ जुलै काढणारच. कबूल, २००५ ला मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा लोकांनी अनोळख्यांना घरात घेतलं, खाऊपिऊ घातलं. पण दार उघडताना कोणी चार लोकांना विचारत बसलं होतं का? आत्यानेही तेच केलं, फक्त तिला त्याचा दंड झाला. आणि हो, सोसायटीचा मेंटेनन्स बुडवून "माय लाइफ माय रूल्स" करणारे पण आहेत, मान्य, ते नुसते फुकटे, त्यांना आत्याच्या पंगतीला बसवू नका.

काकांवर राग आहे असंही नाही खरंतर. बाबांच्या आजारपणात रात्र रात्र हॉस्पिटलच्या बाकावर बसलेला माणूस आहे तो, कोणी बोलावलं नव्हतं, आपणहून आले होते. म्हणूनच जास्त लागलं. जे स्वतःच्या मनाने धावून आले तेच पोरीला म्हणतात चार लोकांच्या मनाने वाग.

लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोन तिचे मित्र आहेत, तिसरी सही मी करणार होते. आता म्हटलं ती काकांनाच करू दे, विचारलंय, ब्लू टिक आलीये, उत्तर नाही अजून.

कमेंटमध्ये "संस्कार" लिहिणाऱ्यांना उत्तर देणार नाही, सकाळी सहाचा डबा आहे माझा.