‘धार्मिक कारण’ लिहिलं की काम झालं

आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी टाकतंच, "अमेरिकेत बघा, लस नाही तर शाळेत प्रवेश नाही, नियम म्हणजे नियम, आणि आपल्याकडे लोक फुकट मिळते तरी घेत नाहीत, इथे पण सक्ती करा, अंगणवाडीतच घेऊ नका असल्यांची पोरं." खाली धडाधड अंगठे. मग एक जण हमखास मला टॅग करणार, काय न्यूजर्सीवाले, बरोबर ना? अर्धं बरोबर आहे रे. उरलेलं अर्धं ग्रुपवर लिहीत बसलो तर कोणी वाचणार नाही म्हणून इथे लिहितोय.

न्यूजर्सीत डेकेअर किंवा प्रीस्कूलला पोराचं नाव घालायचं तर डॉक्टरकडून युनिव्हर्सल चाइल्ड हेल्थ रेकॉर्ड नावाचा फॉर्म भरून आणावा लागतो, सोबत सगळ्या लसींच्या तारखा. ट्रिपल, पोलिओ, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस), कांजिण्या, वर सहा महिने ते पाच वर्षांच्या आतल्या पोरांना दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत फ्लूची लस. आणि तारखा नुसत्या बघत नाहीत, मोजतात. भारतातून नवीन आलेल्या आईबापांची इथेच पंचाईत होते कारण आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यात देतात आणि इथे पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला डोस धरतच नाहीत, शिवाय आपल्या सरकारी लसीत गालगुंड नसतं, म्हणजे ठाण्याहून प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं कार्ड दाखवलं तरी पोराला परत टोचून घ्यावंच लागतं.

एवढा काटेकोरपणा, आणि त्याच फाइलीत या सगळ्याच्या ऐवजी दुसरा एक कागद चालतो. पालकांनी सही करून लिहून द्यायचं की लसीकरण आमच्या मुलाच्या धर्मस्वातंत्र्याच्या आड येतं. बास. कुठला धर्म, कुठल्या ग्रंथात लिहिलंय, काही विचारत नाहीत. राज्याच्या आरोग्य खात्याने २००८ मध्ये शाळांना लेखी कळवलेलं की पत्रात ‘धर्म’ किंवा ‘धार्मिक’ असा नुसता शब्द असला तरी पत्र मान्य करा, श्रद्धा खरी का खोटी या भानगडीत पडू नका. "मला पटत नाही" लिहिलं तर चालत नाही, "माझ्या धर्माला पटत नाही" लिहिलं तर चालतं! मग काय होणार? आमच्या एडिसन गावातल्या देशी पालकांच्या ग्रुपवर एकाने सरळ विचारलं, "रिलिजस लेटरचं टेम्प्लेट आहे का कोणाकडे?" आणि दहा मिनिटांत आलं की. खाली नाव आणि तारीख टाकायला रिकामी जागा. त्या माणसाला लसी ‘जरा उशिरा, एकेक करून’ द्यायच्या होत्या, धर्माचा काडीचा संबंध नाही.

आता शुद्ध शाकाहारी मंडळींचा एक मुद्दा खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. इथल्या नेहमीच्या एमएमआरमध्ये आणि कांजिण्यांच्या लसीत जिलेटिन असतं, डुकराचं. ज्यू आणि मुस्लिम धर्मपंडितांनी यावर विचार करून औषध म्हणून चालतं असं सांगितलेलं आहे, आपल्याकडे असं सांगणारं कोणी एक पीठ नाही, ज्याचं त्याने ठरवायचं. पण गोम अशी की ट्रिपलमध्ये नाही ना जिलेटिन, पोलिओच्या इंजेक्शनमध्ये पण नाही, आणि टेम्प्लेटवालं पत्र मात्र सगळ्या लसींना एकदम सुट्टी देतं. ज्याला खरंच अडचण आहे तो डॉक्टरला विचारतो की बिनजिलेटिनची एमएमआर मिळेल का. मिळते, प्रायोरिक्स म्हणून आहे.

बाकी देशातलं चित्र काय आहे तर बहुतेक राज्यांत अशी सवलत आहेच. न्यूयॉर्कने काढून टाकली, जून २०१९ मध्ये, ब्रुकलिन आणि रॉकलंड काउंटीत गोवराची मोठी साथ आल्यावर, एकट्या न्यूयॉर्क शहरात ६४९ केसेस झाल्या होत्या. कॅलिफोर्नियाने डिस्नीलँडमधल्या गोवराच्या साथीनंतर २०१५ मध्ये तसाच कायदा केला तर लोक लागले डॉक्टरांकडून खोटी मेडिकल सर्टिफिकेटं आणायला, मग २०१९ मध्ये त्यावर वेगळा कायदा आणावा लागला. आमच्या न्यूजर्सीत जानेवारी २०२० ला असंच बिल ट्रेंटनला आलं, बाहेर पालकांनी आरडाओरडा करून विधिमंडळ डोक्यावर घेतलं, सिनेटमध्ये मतं जमली नाहीत, बारगळलं. आता तर वारं उलटं वाहतंय, २०२५ मध्ये टेक्सासच्या गोवराच्या साथीत ७६२ केसेस आणि लस न घेतलेली दोन मुलं गेली, आणि त्याच वर्षी फ्लोरिडाच्या सर्जन जनरलने जाहीर केलं की सगळीच सक्ती काढणार. टेक्सासची साथ मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांत सुरू झाली म्हणून धर्माचं नाव आलं, पण त्या पंथात लस घेऊ नका असं काही सांगितलेलं नाही.

माझं मत विचाराल तर डेकेअरपुरती ही सवलत काढलीच पाहिजे. कारण डेकेअरमध्ये शेजारच्याच खोलीत सात-आठ महिन्यांची बाळं असतात ज्यांना एमएमआर अजून द्यायचीच नसते, त्यांच्या आईबापांनी कुठल्या कागदावर सही करायची? गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तास त्या हवेत विषाणू राहतो. इथल्या सुप्रीम कोर्टाने १९४४ मध्येच म्हटलंय की धर्मस्वातंत्र्यात दुसऱ्यांना किंवा स्वतःच्या पोराला संसर्गाच्या तोंडी द्यायचं स्वातंत्र्य येत नाही. आपल्याकडे तर कोर्टापर्यंत जायलाच नको, घटनेच्या कलम २५ ची सुरुवातच अशी आहे की सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्मस्वातंत्र्य. ‘आरोग्य’ हा शब्द तिथे आधीपासून लिहून ठेवलाय.

मग ग्रुपवाले म्हणतात तसं करा की सक्ती! इथेच माझं त्यांच्याशी जमत नाही. एडिसनमध्ये प्रीस्कूल म्हणजे महिन्याला घसघशीत फी भरून घेतलेली जागा, नाकारली तर पोरगं घरी बसेल, आजी बोलवून घेऊ, पण जेवायला मिळेल. अंगणवाडीचं तसं आहे का? तिथे पोराला आहार मिळतो, वजन करतात, आणि मुख्य म्हणजे लसीकरण तिथेच होतं, नर्सताई ठरलेल्या दिवशी डबा घेऊन अंगणवाडीतच येतात. १९७५ ला योजना सुरू झाली तेव्हापासून लसीकरण हे अंगणवाडीच्या कामातच आहे. लस नाही म्हणून तिथून हाकललं तर लस देणार कुठे, बसस्टँडवर?

आणि आपल्याकडे लस चुकते ती बहुतेक वेळा पत्र लिहून चुकत नाही. बीडचं ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमाराला कारखान्यावर जातं ते उन्हाळ्यालाच परत येतं, मधे पोर नऊ महिन्यांचं झालं तर त्याची नोंद गावात आणि पोर फडावर. गोवंडी-मानखुर्दला २०२२ ला साथ आली तेव्हा एकही डोस न घेतलेली पोरं सापडली, त्यात कामासाठी जागा बदलत राहणारी घरं होती, लस दिली की पोर तापतं आणि आईचा रोज बुडतो ही धास्ती होती. धर्माची शंका काही घरांत असते, नाही असं नाही, पण पोलिओच्या वेळी उत्तर प्रदेशात मौलवींना सोबत घेऊन घरोघरी फिरूनच ती घालवली, दारं बंद करून नाही. २०११ नंतर देशात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूची केस नाही.

म्हणजे इथे ज्याला सगळं समोर ताटात वाढलंय तो धर्माचं नाव सांगून उठतोय, आणि तिकडे ज्याच्यापर्यंत ताट पोचलंच नाही त्याला आपण पंगतीतून उठवायला निघालोय.

सक्तीच करायची हौस असेल तर यंत्रणेवर करा. फडावर ऊसतोड कामगारांची पालं (तात्पुरत्या झोपड्या) पडली की आठ दिवसांत तिथे लसीकरणाचं सत्र झालंच पाहिजे, झालं नाही तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याला जाब विचारायचा. वस्तीत सत्र ठेवायचं ते कामाच्या वेळेत न ठेवता संध्याकाळी किंवा रविवारी ठेवायचं, आणि ताप आला तर काय करायचं हे सांगून पॅरासिटामॉलची बाटली हातात देऊनच आईला घरी पाठवायचं. आणि पुण्यातली ती महागडी प्रीस्कूलं आहेत ना, जिथे आईबाप इंटरनेटवर वाचून ‘नॅचरल इम्युनिटी’ म्हणतात, तिथे खुशाल लावा न्यूजर्सीचा नियम, फक्त त्या दुसऱ्या कागदाशिवाय.