"मोबाईलवर कुठं गणित येतं का?" त्या फिरणाऱ्या मेसेजला एकेक मुद्दा घेऊन उत्तर

शिक्षकांच्या अन् पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरायलाय, तुमच्याकडंही आला असंल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की गणिताच्या तासाला ऑनलाइन प्लॅटफॉर्मची जोड देणं म्हणजे लेकरांचं वाटोळं करणं, व्हिडिओ बघून कुणाला गणित येत नसतं, स्वीडनसारखा देशसुद्धा पुस्तकाकडं परत गेला, आपल्या खेड्यात ना रेंज ना मोबाईल, लेकरं उत्तरं ढापतात, आणि हे सगळं शेवटी शिक्षकाला घरी बसवायसाठी चाललंय. मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर सहावी ते आठवीला गणित शिकवतो. हा मेसेज वाचून आमच्या गावातल्या पालकांनी लेकरांना शाळेतल्या कॉम्प्युटरला हात लावू नको म्हणून सांगितलं, म्हणून हे लिहायलोय.

"व्हिडिओ बघून गणित येत नाही."

शंभर टक्के खरंय. गणित हातानं सोडवल्याशिवाय येत नाही, हे आमच्या गुरुजींनी सांगितलं होतं अन् आजही तेच आहे. कोरोनाच्या काळात नुसत्या लिंका पाठवून शिकवल्याचं समाधान मानलं गेलं, त्याचा राग लोकांच्या मनात आहे आणि तो बरोबरच आहे. पण प्लॅटफॉर्म म्हणजे व्हिडिओ, इथंच मेसेज लिहिणाऱ्याची गल्लत झालीय. खान अकॅडमी ही इंटरनेटवरची शिकायची साइट घ्या, फुकट आहे, मराठीतही मिळतं. त्यात माझ्या कामाची गोष्ट व्हिडिओ नाही, सराव आहे. लेकरू गणित सोडवतं, चूक की बरोबर तिथल्या तिथं कळतं, अडलं तर हिंट घेता येते पण हिंट घेतली की ते गणित बरोबर धरत नाहीत, आणि मला शिक्षकाच्या खात्यावर दिसतं की कोण कुठं अडलंय.

हे "दिसतं" म्हणजे काय ते सांगतो. सातवीला पूर्णांक संख्या झाल्या होत्या, फळ्यावर गणितं झाली, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सरावाला वजा ३ वजा ५ असं साधं गणित आलं आणि अर्ध्याहून जास्त वर्गाचं उत्तर आलं ८. अधिक आठ. रिपोर्टमध्ये एकाखाली एक तेच उत्तर. एखाद्याची चूक असती तर लक्ष नव्हतं म्हणून सोडून दिलं असतं, पण इतक्या जणांची एकच चूक म्हणजे ती कुठून तरी शिकलेली चूक असते. विचारलं तर सगळे एका सुरात, "सर, मायनस मायनस प्लस!" गुणाकाराचा नियम पाठ होता, तो बेरीज-वजाबाकीला चिकटवला होता. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात खडूनं संख्यारेषा आखली, एकीला वजा ३ वर उभं केलं अन् म्हणलं, आता पाच पावलं डावीकडं जा. ती वजा ८ वर जाऊन थांबली आणि मागून दोघंतिघं ओरडले की सर आमचं चुकलं. शिकवलं व्हरांड्यात, खडूनं. पण काय शिकवायचं ते आदल्या संध्याकाळी रिपोर्टनं सांगितलं. वह्या तपासूनही सापडलं असतं की, पण सगळ्या वह्या तपासून होईपर्यंत धडा पुढं गेलेला असतो, हे कुठल्याही गणिताच्या शिक्षकाला विचारा.

"स्वीडननं बंद केलं, युनेस्कोनंही इशारा दिला."

अर्धवट सांगितलंय. स्वीडननं २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी वेगळे पैसे दिले आणि बालवाडीत डिजिटल उपकरणं सक्तीची करायचं मागं घेतलं, बरोबर. पण तिथं स्क्रीन फार झाली म्हणून ते मागं आले, आणि आपल्याकडं सगळ्या शाळेत मिळून चालू स्थितीतले दोन-तीन कॉम्प्युटर, त्यांचं भांडण आपल्याला कसं लागू पडंल? युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालाचा रोख असाय की तंत्रज्ञान शिक्षकाच्या जोडीला असावं, शिक्षकाच्या जागी नसावं. मी तरी वेगळं काय म्हणायलोय?

उलट आपल्याच देशातले अभ्यास या मेसेजवाल्यानं बघायला पाहिजे होते. गुजरातेत ज्ञानशाळा या संस्थेच्या शाळांमध्ये ली लिंडेन या संशोधकानं कॉम्प्युटरवरच्या गणिताचा कार्यक्रम दोन पद्धतीनं तपासला. जिथं शिक्षकाचा तास काढून कॉम्प्युटरचा तास ठेवला तिथली लेकरं बाकीच्यांपेक्षा मागं पडली, आणि जिथं शाळेचा तास तसाच ठेवून वरून जादाचा सराव दिला तिथली पुढं गेली. कार्यक्रम तोच! दिल्लीत माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. लॉटरीनं निवडलेली सरकारी शाळांतली लेकरं साडेचार महिन्यांत गणितात न निवडलेल्यांच्या साधारण दुप्पट शिकली. पण माइंडस्पार्कच्या त्या शिकवणी केंद्रात ४५ मिनिटं कॉम्प्युटर आणि ४५ मिनिटं माणसानं घेतलेला छोट्या गटाचा तास अशी जोडी होती, हे विसरू नका. त्यामुळं "ऑनलाइन चांगलं का वाईट" हा प्रश्नच अर्धा आहे. शिक्षकाच्या ऐवजी वापरलं तर तोटा, जोडीला वापरलं तर फायदा, आणि मेसेजमध्ये हा फरक कुठंच नाही.

"आपल्याकडं नेट नाही, सगळ्यांकडं मोबाईल नाही."

हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे, कारण आमच्या धारूरच्या डोंगरपट्ट्यात रेंज शोधत गच्चीवर जावं लागतं आणि लाइट कधी जाईल सांगता येत नाही. पण म्हणून काही करायचंच नाही का? वडोदऱ्यात २००२ ते २००४ च्या दरम्यान प्रथम संस्थेनं चौथीच्या लेकरांना आठवड्याला दोन तास, एका कॉम्प्युटरवर दोघं, असा गणिताचा सराव दिला होता, तेवढ्यावर गणिताचे मार्क चांगलेच वाढले. दोघांत एक, हे आपल्याला जमण्यासारखंय. दोघं बसले की आपसात वाद घालतात, "अय, तिथं छेद सारखा कर की आधी", आणि त्या वादात निम्मं शिकणं होतं. नेटचं म्हणाल तर कोलिब्री नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, एकदा मटेरियल उतरवून घेतलं की शाळेतल्या एका कॉम्प्युटरवरून वायफायनं बाकीच्यांना मिळतं, इंटरनेट लागत नाही. भूमिती अन् आलेखाचं जिओजेब्रा हे सॉफ्टवेअरही ऑफलाइन चालतं. मोबाईल घरी पाठवून अभ्यास मागायच्या मी पण विरोधात आहे, कारण ज्याच्या घरी फोन बापासोबत बाहेर असतो त्या लेकरानं काय करायचं? शाळेत करा, शाळेच्या वेळेत नाहीतर शाळा सुटल्यावर अर्धा तास.

आणि ऊसतोडीचं लेकरू विसरून बोलू नका. दिवाळीच्या आसपास आईबाप कोयता घेऊन जातात, काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची सोबत जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतात. दोन-तीन वर्षं हेच झालं की सहावीतल्या पोराला अपूर्णांक येत नाही, कारण अपूर्णांक झाला तेव्हा तो फडात होता. वर्ग पुढं गेलेला असतो. त्याला सगळ्यांसमोर चौथीचं गणित दिलं तर तो मान खाली घालतो, दुसऱ्या दिवशी येतच नाही. कॉम्प्युटरवर त्याला चौथीपासून सुरू करून देता येतं, शेजारच्याला त्याचं काही वाटत नाही कारण शेजारचाही आपल्या गणितात असतो. असर या खेड्यापाड्यातल्या लेकरांच्या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या लेकरांपैकी ३०.७ टक्क्यांनाच भागाकार जमला. म्हणजे एकाच वर्गात दुसरीपासून सातवीपर्यंतची पातळी बसलेली असते आणि समोर मी एकटा. मला मदत नको का?

"लेकरं ढापतात." खान अकॅडमीत अभ्यास देताना प्रत्येकाला वेगळी गणितं द्यायची सोय आहे, ती वापरा. आणि वहीत रीत लिहायला लावा, मी वहीशिवाय कॉम्प्युटरपाशी बसू देत नाही. वहीतली ढापाढापी काय कमी होती का?

"शिक्षकाची नोकरी जाईल, नाहीतर काम वाढंल."

नोकरीचं वर आलंच, शिक्षक काढून घेतला तिथं लेकरं मागं पडली. कामाचं मात्र खरंय. सुरुवातीला खाती काढा, पासवर्ड विसरले की परत द्या, यात वेळ जातो, आणि आधीच ऑनलाइन माहिती भरून अन् बीएलओची, म्हणजे मतदार याद्यांची, ड्युटी करून जीव मेटाकुटीला आलाय. पण माझा खरा आक्षेप पुढं आहे. कुठं कुठं वरून विचारणा व्हायलीय की किती लेकरांनी किती मिनिटं बघितलं त्याचा स्क्रीनशॉट टाका. मिनिटं मोजली की शिक्षक व्हिडिओ लावून ठेवतो आणि मिनिटं भरतात, मग मेसेजवाल्याचं म्हणणं खरं ठरतं. हा रिपोर्ट वर्गाच्या शिक्षकाकडंच राहू द्या, उद्याचा तास ठरवायला. वरून विचारायचंच असलं तर येऊन एखाद्या पोरीला वजा ३ वजा ५ विचारा.