म्हणे सलग मुसळधार पावसाची आधी काही खूणच नसते!

तो मेसेज परत फिरायला लागलाय. म्हणणं थोडक्यात असं, की दोन-तीन दिवस कोसळणारा पाऊस आधी कोणाच्या बापाला कळत नाही, हवामानवाले नंतर नकाशे काढून दाखवतात. खरी खूण म्हणजे काळेकुट्ट ढग, विजा आणि धाडकन पडलेला हवेचा दाब, त्या नसतील तर निवांत झोपा. रडारवर लाल रंग नसेल तर पाऊस किरकोळ. आणि ढग एकदा रिकामा झाला की विषय संपला.

शेवटचं आधी घेतो, कारण बाकीचं सगळं तिथेच अडकलंय. ढग रिकामा होतो हे खरंय, पण मोठा पाऊस त्या एका ढगातल्या पाण्याचा नसतोच मुळी. तुमच्या डोक्यावर पार वरपर्यंत हवेत जेवढी वाफ आहे ती सगळीच्या सगळी पिळून काढली तरी उष्ण, दमट प्रदेशात साधारण ५० ते ७० मिमी पाणी निघतं, बस. मग एका जागी ४०० मिमी पडतो तो कुठून येतो? टाकी छोटीच असते पण मागून नळ चालू असतो. हा नळ म्हणजे जमिनीपासून साधारण एक-दीड किलोमीटर उंचीवरून वाहणारा जोरदार दमट वारा, किंवा समुद्रावरून येणारे हजारो किलोमीटर लांबीचे वाफेचे पट्टे, ज्यांना वातावरणीय नद्या म्हणतात, आणि त्यातला एखादा दणकट पट्टा मिसिसिपी नदी मुखाशी जेवढं पाणी ओतते त्याच्या कितीतरी पट वाफ वाहून नेतो. हे सगळं मोजलं जातं, सॅटेलाइटवरून आणि जगभर रोज ठरलेल्या वेळी सोडल्या जाणाऱ्या बलूनमधून. फोरकास्टर बघतो तो हाच आकडा, म्हणजे एकूण वाफ त्या जागेच्या, त्या महिन्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा किती वर आहे आणि मागून पुरवठा किती तास टिकणार आहे.

आता 'आधी कळतच नाही' याबद्दल. डॉसवेल, ब्रूक्स आणि मॅडॉक्स या तीन हवामानशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये अतिवृष्टीच्या अंदाजाची जी पद्धत मांडली तिचा गाभा अगदी साधा आहे, पाऊस किती जोरात पडतोय गुणिले किती वेळ पडतोय. लोकांचं सगळं लक्ष जोराकडे. सलग पावसात मारून नेतो तो वेळ, आणि वेळेची खूण म्हणजे वर काहीतरी अडकून बसणं. जास्त दाबाचं एखादं मोठं क्षेत्र ठाण मांडून बसलं की बाकीच्या सिस्टिम पुढे सरकेनात, आणि ही अडवणूक कित्येक दिवस आधी नकाशावर दिसायला लागते. २०१० मध्ये रशियावर असंच क्षेत्र बसलं होतं, तिकडे उष्णतेची लाट आणि त्याच साखळीत इकडे पाकिस्तानात महापूर. नंतर वेबस्टर या हवामानशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी तपासलं तर तो पाऊस ६ ते ८ दिवस आधी हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेलमध्ये दिसत होता! २०२१ च्या जुलैत जर्मनीत पूर आला १४-१५ तारखेला, युरोपच्या पूर-इशारा यंत्रणेच्या सूचना १० तारखेपासून जात होत्या. तिथे अंदाज फसला नाही, अंदाज माणसांपर्यंत पोचण्यात घोळ झाला, आणि मेसेजवाले नेमकं या दोन्हीचं भरीत करतात.

दाबाचं म्हणाल तर हार्वे चक्रीवादळ बघा, २०१७, टेक्सास. किनाऱ्याला धडकताना केंद्रातला दाब ९३७ हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक), म्हणजे खूपच कमी, पण बहुतेक पाऊस पडला तो नंतर, वादळ कमजोर होऊन दाब बराच वर चढला तेव्हा. कारण त्याला ढकलणारा वाराच राहिला नव्हता आणि खाली समुद्रातून वाफ येतच होती. एका ठिकाणी १५०० मिमीच्या वर पाऊस झाला, नकाशावर दाखवायला तिथल्या हवामान खात्याला नवीन रंग घ्यावे लागले. बॅरोमीटर बघून कोणी 'चला, टळलं' म्हटलं असतं तर?

विजा आणि काळा रंग, हे तर उलटंच होतं बऱ्याचदा. जिथे हवा खूप वरपर्यंत दमट आणि पाणी गोठतं ती शून्य अंश तापमानाची पातळी उंचावर, तिथे ढगाचा मोठा भाग बर्फाविनाच असतो, थेंब एकमेकांवर आपटून तिथेच मोठे होतात आणि ढगातलं पाणी भराभर खाली येतं. असा ढग फार उंच जात नाही, गडगडत नाही, गारा तर नाहीच. दिसायला राखाडी, कंटाळवाणा.

आणि रडार फसतं तेही इथेच. रडार पाऊस मोजत नाही, थेंबांवरून परत आलेला सिग्नल मोजतं, आणि त्या सिग्नलमध्ये मोठ्या थेंबांचं वजन प्रचंड. अशा बर्फाविना बनणाऱ्या, म्हणजे 'उष्ण' पावसात मध्यम थेंब असंख्य असतात. त्यामुळे ४० डीबीझेडचा (डीबीझेड म्हणजे त्या सिग्नलच्या ताकदीचं माप) तोच रंग नेहमीच्या सूत्राने ताशी १२ मिमी सांगतो आणि उष्ण पावसासाठीच्या सूत्राने ताशी २० च्या वर. लाल नाही, पिवळा-केशरीच आहे म्हणून निर्धास्त राहिलात आणि तो पिवळा आठ तास हलला नाही तर हिशोब तुम्हीच करा.

मेसेजमध्ये खरं एवढंच आहे की नेमक्या कुठल्या जागी सगळ्यात जास्त पडेल ते चार दिवस आधी सांगता येत नाही. म्हणूनच एकच मॉडेल सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक करून पुन्हा पुन्हा चालवतात, युरोपियन सेंटर, म्हणजे युरोपातलं हवामान अंदाज केंद्र, तर ५१ वेळा, आणि त्यातल्या किती रन मोठा पाऊस दाखवतात ते बघतात. जागा पक्की होते ती शेवटच्या काही तासांत, रडारवर. तिथे ढग पुढे सरकताना दिसतात म्हणून फसू नका, दमट वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला नवीन ढग जन्मतायत का ते बघा, कारण एक गेला की दुसरा त्याच रुळावरून तुमच्यावर येतो, मग तिसरा, आणि प्रत्येक ढग नीट पुढे चाललेला असतानाही पाऊस मात्र जागचा हलत नाही.