‘बारा बोअर घ्या, मिळेल तो स्लग भरा’: अस्वलांच्या मुलुखात हा सल्ला का चालत नाही

अस्वलांच्या मुलुखात कामाला किंवा भटकायला जाणाऱ्यांसाठी एक सल्ला हातोहात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: बारा बोअरची (रुंद नळीची, एरवी छर्रे मारायची) बंदूक घ्या, मिळेल तो स्लग (छऱ्यांऐवजी मारायची एकच मोठी गोळी) भरा आणि निर्धास्त राहा. एवढ्या मोठ्या गोळीपुढे काहीच टिकत नाही, नेमबिम धरायची गरज नाही. पहिलं काडतूस छऱ्यांचं ठेवा, परवडलं तर सगळ्यात तगडं मॅग्नम (जादा ताकदीचं काडतूस) आणा, आणि तो मिरचीचा स्प्रे घरीच राहू द्या.

बारा बोअर टाकाऊ आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. अलास्का आणि कॅनडात ती याच कामासाठी वर्षानुवर्षं बाळगली जाते. पण सल्ल्यातली बाकीची वाक्यं एकेक करून तपासली की फारसं काही हाती उरत नाही.

‘स्लग म्हणजे स्लग, कुठलाही चालतो’

सगळा घोळ इथे आहे, त्यामुळे या मुद्द्यावर जास्त वेळ घालवतो.

दुकानात प्रामुख्याने तीन जातींचे स्लग मिळतात. सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे सापडणारा तो फॉस्टर पद्धतीचा. कार्ल फॉस्टरने १९३१च्या सुमारास तो तयार केला. काडतूस कापून हा स्लग तळहातावर घेतला तर तो भरीव नसल्याचं लगेच कळतं: शिंप्याच्या अंगुस्तानासारखा मागून पोकळ, आणि शिसं इतकं मऊ की नखाने ओरखडा उठतो. वजन पुढच्या टोकाला असल्यामुळे तो साध्या, गुळगुळीत नळीतून सुटूनही सरळ जातो. हरणावर तो उत्तम चालतो. पातळ कातडी, नाजूक बरगड्या, त्यामागे फुप्फुसं. स्लग फुलतो, मोठी जखम करतो, काम होतं.

तपकिरी अस्वल अंगावर येतं तेव्हा समोर बरगड्या नसतात. समोर असते कवटी, खांद्याची जाड हाडं आणि त्यावरचा स्नायूंचा थर. मऊ शिसं अशा हाडावर आपटलं की चपटं होतं, कधी फुटतं, आणि जिथे पोचायला हवं त्याच्या आधीच थांबतं.

दुसरी जात ब्रेनेकेची. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेकेने १८९८ मध्ये हा स्लग काढला. शिसं भरीव आणि मागे घट्ट बसवलेली गादी, जी उडतानाही स्लगला चिकटून राहते. याच्या कठीण मिश्रधातूच्या आवृत्त्या मुद्दाम खोल घुसण्यासाठी बनवतात. अलास्कात स्लगचं नाव निघालं की अनुभवी माणसं पुन्हा पुन्हा याच जातीकडे का वळतात, त्याचं कारण एवढंच आहे. याच विचाराने पुढे जाऊन केलेले न फुलणारे स्टीलचे स्लगही मिळतात. लॅटव्हियाच्या डीडुप्लेक्सचा मोनोलिट त्यातला एक.

तिसरी जात सॅबो, म्हणजे प्लॅस्टिकच्या वेष्टणात बसवलेली बारीक गोळी. ती आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या चक्राकार खाचा) पाडलेल्या नळीसाठी असते. साध्या नळीतून मारली तर तिला फिरकी मिळत नाही, ती हवेत लोळायला लागते आणि कुठे जाईल ते सांगता येत नाही. शिवाय बहुतेक सॅबो हरणासाठी फुलण्याच्या बेताने बनवलेल्या असतात. दुकानात सगळ्यात महाग म्हणून हीच गळ्यात पडण्याची शक्यता जास्त, म्हणून मुद्दाम सांगितलं.

‘स्लगवर आटे कोरलेले असतात, त्यामुळे तो फिरतो आणि अचूक जातो’

फॉस्टर स्लगच्या अंगावरच्या तिरप्या रेघा पाहून हा समज होतो. त्या रेघांनी मिळणारी फिरकी नगण्य असते. स्लग चोकमधून, म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेल्या अरुंद भागातून, जाताना दबायला जागा मिळावी, हे त्यांचं खरं काम. तरीही फुल, म्हणजे खूप अरुंद, चोकमधून स्लग मारू नये. सिलिंडर किंवा इंप्रूव्हड सिलिंडर, म्हणजे अजिबात किंवा जेमतेम अरुंद केलेला, बरा.

‘एवढी मोठी गोळी, तिच्यापुढे रायफल काय करणार?’

आकड्यांनीच बघू. एक औंसाचा, म्हणजे २८ ग्रॅमचा स्लग सेकंदाला ४८० मीटरच्या आसपास वेगाने निघाला तर नळीच्या तोंडाशी ऊर्जा साधारण ३३०० जूल भरते. .३०-०६ रायफलची २२० ग्रेनची गोळी वजनाला १४ ग्रॅमच असते, पण ती ३८०० जूलपर्यंत जाते. म्हणजे ऊर्जेतही स्लग पुढे नाही.

पण ऊर्जेपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते वजन किती जागेवर पसरलंय हे. बारा बोअरचा व्यास १८.५ मिलिमीटर. त्या रुंद तोंडामागे फॉस्टरचं वजन चौरस सेंटिमीटरला जेमतेम साडेदहा ग्रॅम पडतं. .३०-०६ च्या त्या गोळीमागे ते तीस ग्रॅमच्या घरात जातं. ब्रेनेकेचा ३९ ग्रॅमचा जड स्लग घेतला तर आकडा साडेचौदापर्यंत चढतो. रुंद गोळीला वाटेत जास्त मांस ढकलावं लागतं आणि मागून रेटणारं वजन मात्र कमी असतं. त्यातून ती फुलली की व्यास आणखी वाढतो. म्हणून हरणासाठी जो गुण, तोच अस्वलासाठी दोष ठरतो.

अमेरिकेच्या वनखात्याने अलास्कातल्या आपल्या कर्मचाऱ्यांचा विचार करून १९८३ मध्ये एक अहवाल काढला होता. अस्वलापासून बचाव हा विषय, आणि अंतर मुद्दाम जवळचं, सुमारे १५ यार्ड. त्यात वरच्या जागा .४५८ विंचेस्टर मॅग्नम, .३७५ एच अँड एच यांसारख्या जड गोळीच्या रायफलींनी पटकावल्या. आणि ‘काहीच टिकत नाही’ म्हणताना या सल्ल्यात रानरेडे आणि हत्तीही येतात, त्याचं काय? आफ्रिकेतल्या अनेक ठिकाणी अशा शिकारीला .३७५ हीच किमान मर्यादा असते. तिथे स्लगचा विषयच नको.

‘बारा बोअरला नेम धरावा लागत नाही’

हे छऱ्यांबद्दलही पुरतं खरं नाही. स्लगबद्दल तर बिलकूल नाही. स्लग ही एकच गोळी आहे. ती चुकली की चुकली.

अस्वल धावताना डोकं खाली घालून येतं. मेंदू कवटीत मागच्या बाजूला असतो, आणि समोरून दिसणारं कपाळ उतरतं असल्यामुळे वर लागलेली गोळी कातडीखालून घसरत जाऊ शकते. खांद्यावरचा उंचवटा डोळ्यात भरतो खरा, पण तिथे मुख्यतः स्नायू असतो. अस्वल जागच्या जागी थांबायचं तर मेंदू किंवा मणका गाठावा लागतो, नाहीतर खांद्याची हाडं मोडून त्याला खाली आणावं लागतं. हृदय फुटलं तरी मेंदूतला प्राणवायू काही सेकंद पुरतो. ताशी ५० किलोमीटरच्या वर पळणाऱ्या जनावराला ३० मीटर कापायला दोन सेकंद लागतात.

साध्या बंदुकीच्या टोकाला नुसता मणी असतो. गाल दस्त्यावर घाईत नीट टेकला नाही की गोळी वर जाते. मागे गोल कडीची आणि पुढे उठून दिसणारी माशी बसवून घेणं, हा नव्या काडतुसांपेक्षा चांगला खर्च आहे. आणि प्रत्येक नळीला प्रत्येक स्लग मानवत नाही. निवडलेलं काडतूस आपल्याच बंदुकीतून २५ आणि ५० यार्डांवर कागदावर मारून पाहायचं. कुणाच्या शिफारशीने ते काम होत नाही, माझ्याही नाही.

‘पहिला बार छऱ्यांचा, पुढचे स्लगचे’

ऐकायला शहाणपणाचं वाटतं: जनावर जवळ असेल तर छर्रे, नाहीतर स्लग. मुळात जवळ आलेलं जनावर हीच सगळ्यात मोठी आणीबाणी, आणि तिच्यासाठी सगळ्यात कमी घुसणारं काडतूस राखून ठेवायचं! डबल ऑट बकशॉटचा (मोठ्या छऱ्यांच्या काडतुसाचा) एक छर्रा साधारण साडेतीन ग्रॅमचा असतो. नऊ छर्रे मिळून वजन स्लगइतकं होतं, पण प्रत्येकाला आपापलं हाड एकट्याने फोडावं लागतं. बिबट्यासारख्या हलक्या हाडाच्या प्राण्यावर छर्रे वापरले गेले आहेत, तिथे ते समजू शकतं. मोठ्या अस्वलावर नको.

पिटाळून लावण्यासाठीची फटाका-काडतुसं किंवा रबरी गोळ्या वापरणारे लोक असतात, ती वेगळी आणि चांगली गोष्ट. पण ती आणि स्लग एकाच मॅगझिनमध्ये मिसळले की घाबरलेल्या हाताला पुढे काय आहे ते आठवत नाही. फटाका-काडतुसानंतर नळीत काही अडकलेलं नाही ना, हेही बघावं लागतं.

‘जितकं मोठं मॅग्नम तितकं चांगलं’

साडेतीन इंची काडतुसाने मॅगझिनमध्ये मावणारी संख्या घटते. झटका तर विचारू नका: हलक्या पंप बंदुकीतून (जिची पुढची मूठ मागेपुढे ओढून पुढचं काडतूस भरतात) जड तीन इंची स्लगच .३०-०६ च्या दुपटीहून जास्त झटका देतो. पहिल्या बारानंतर नळी आभाळाकडे आणि माणूस अर्धवट मागे वळलेला, अशी अवस्था असेल तर दुसरा बार कधी व्हायचा? पावणेतीन इंची कठीण स्लग ज्याला दोन सेकंदांत दोनदा जागेवर मारता येतो, त्याच्याजवळ मी जास्त निश्चिंत उभा राहीन. पंपाची मूठ घाईत अर्धवट ओढली जाऊन बंदूक अडकणं, हाही याच घाईतला नेहमीचा प्रकार. सराव त्याचा करायचा.

‘स्लग असताना स्प्रे कशाला?’

अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या १९८५ ते २००६ दरम्यानच्या स्प्रेच्या ८३ घटना तपासल्या. तपकिरी अस्वलांचं नको ते वागणं स्प्रेने ९२ टक्के वेळा थांबवलं, काळ्या अस्वलांचं ९० टक्के. याच मंडळींपैकी काहींनी २०१२ मध्ये बंदुकांच्या २६९ घटनांचा हिशोब मांडला: पिस्तूल-रिव्हॉल्व्हर ८४ टक्के, लांब नळीच्या बंदुका ७६ टक्के यशस्वी. बंदूक जवळ असूनही फसलं तिथे कारणं अगदी साधी होती. वेळच मिळाला नाही, बंदूक अडकली, सेफ्टी लागलेली राहिली, नेम चुकला.

हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘स्प्रे जिंकला’ असं ओरडणारेही चुकतात. दोन्हीतल्या घटना सारख्या नव्हत्या; स्प्रेच्या बऱ्याच प्रसंगांत अस्वल चाल करून आलेलं नव्हतं. जोराचा वारा तोंडावर असेल किंवा माणूस तंबूत असेल तर स्प्रेची अडचण होतेच. तरी कमरेला लटकलेला डबा एका हाताने काढता येतो, आणि पाठीच्या पिशवीला बांधलेल्या बंदुकीत कितीही भारी स्लग असला तरी ती त्या दोन सेकंदांत हातात येत नाही.

आणखी एक, जे हा सल्ला देणारे कधी सांगत नाहीत. अलास्कात जीव वाचवण्यासाठी अस्वल मारलं तरी त्याची कातडी आणि कवटी काढून सरकारजमा करावी लागते आणि १५ दिवसांत लेखी अहवाल द्यावा लागतो. अन्न उघड्यावर टाकून किंवा जनावराला डिवचून तो प्रसंग तुम्हीच ओढवून घेतला असेल, तर कायदा स्वसंरक्षणाची सबब मान्य करत नाही.